माने बाईंचा गुडघा

तालमीच्या वरच्या हॉलमधल्या वर्गात शिकवणारी मी होते, पण बायका शिकायच्या माने बाईंकडून. हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला आणि लक्षात आल्यावर कबूल करायला त्याहून जास्त. मी समोर उभी राहून हात वर केला की सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून घसरून पहिल्या ओळीच्या मध्यभागी जायच्या. तिथं कमरेला ओढणी आवळून, मानेवर घट्ट अंबाडा बांधून बाई उभ्या असायच्या. त्यांचा हात वर गेला की मग बाकीच्यांचे जायचे. टेपरेकॉर्डरवरचं गाणं, माझं ओरडणं, पुण्याहून शिकून आल्याचा माझा रुबाब, हे सगळं बाईंच्या खांद्यावरून गाळलं जाऊन मागच्या ओळींपर्यंत पोचायचं. त्यात बायकांचा दोष नव्हता. पेठेतल्या मुलींच्या शाळेत माने बाईंनी उभी हयात कवायत शिकवली होती. वर्गातल्या निम्म्याहून जास्त जणी त्यांच्या हाताखालून गेलेल्या, मीही त्यातलीच. 'छाती पुढं, पोट आत, श्वास रोखा' हे आम्ही पाढ्यांच्या बरोबरीनं पाठ केलं होतं. लग्नं झाली, पोरं झाली, अंगं सुटली, तरी ते अंगातून गेलं नव्हतं.

आमचं घर तालमीपासून दोन गल्ल्या पलीकडं. पुढच्या खोलीत आबांचं शिलाई मशीन, मागं आईचं स्वयंपाकघर, मधल्या खोलीत कापडाचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांनी सोडलेल्या जागेत आम्ही तिघं. आबा लग्नसराईत बँडवाल्यांचे कोट शिवायचे आणि एरवी फुटबॉलच्या संघांचे शर्ट-चड्ड्या. सामन्यांचे दिवस आले की माप द्यायला आलेली पोरं दारातच भांडायला लागायची. कालचा गोल खरा की खोटा, पंच आंधळा की विकलेला. आबा तोंडात टाचण्या धरून नुसता हुंकार द्यायचे. त्या टाचण्यांमुळं त्यांना जन्मभर कुणाची बाजू घ्यावी लागली नाही. संध्याकाळी मशीनची खडखड आणि आईच्या भाकरीची थपथप एकमेकींत मिसळून जायची, इतकी की आबा उठले की आईचा हातही थांबायचा. भाकरीबरोबर खर्डा, थंडीत कुळथाचं माडगं, रविवारी मटण. तांबड्या रश्श्याची पहिली वाटी आबांची, कारण 'दिवसभर मशीन मारतंय माणूस.' आज मी लोकांना काय खावं, किती खावं ते मोठ्या तोऱ्यात सांगते. त्या वाटीत काय काय होतं ते मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी 'चव' एवढंच म्हटलं असतं.

बी.ए.ला माझा एक विषय राहिला आणि तोंड लपवायला मी पुण्याला मावशीकडं गेले. तिच्या कॉलनीत एक बाई एरोबिक्स शिकवायच्या. मी नुसती बघायला म्हणून गेले आणि शिकूनच परतले. त्या फारसं बोलायच्या नाहीत, पण दुसऱ्याची चूक कशी सांगायची याचे त्यांचे नियम पक्के होते. ज्यानं इजा होईल ते आधी सांगायचं. एका वेळी एकच सांगायचं. आणि नाव घेऊन सांगायचं. 'सगळ्यांनी गुडघे सांभाळा' म्हटलं की जिचा गुडघा बरोबर असतो ती घाबरते आणि जिचा चुकत असतो ती शेजारणीकडं बघते, असं त्या म्हणायच्या. मला ते तिथं फार सोपं वाटलं होतं. पुण्यात मला कुणी ओळखत नव्हतं, मी कुणाला ओळखत नव्हते. अनोळखी बाईचा गुडघा हा फक्त गुडघा असतो.

कोल्हापुरात परत आल्यावर आबांच्या ओळखीनं तालमीच्या कारभाऱ्यांनी वरचा हॉल दिला. अटी दोनच, मागच्या लाकडी जिन्यानं चढायचं आणि दिवेलागणीच्या आत उतरायचं. हॉलच्या एका बाजूला गणपतीच्या सजावटीचे खांब आणि थर्माकोलचे हत्ती रचून ठेवलेले असायचे, त्यांच्या सोंडांवर बायका पर्स अडकवायच्या. खाली आखाड्यात पोरांची मेहनत चालायची. आम्ही उड्या मारायला लागलो की फळ्यांच्या फटींतून धूळ त्यांच्या घामेजल्या अंगांवर पडायची आणि खालून आरोळी यायची, "ओ ताई! जरा दमानं! छत खाली येतंय की!" आमच्यात शोभावहिनी होत्या, कोपऱ्यावरच्या भडंगाच्या दुकानाच्या मालकीण. त्या फटीशी वाकून उत्तर द्यायच्या, "आलो खाली तर झेला की रं! पैलवान हायसा न्हवं?" मग खाली-वर एवढं हसू व्हायचं की गाण्याचं एक कडवं वाया जायचं.

माने बाई वर्गात आल्या त्या आईमुळं. एका दुपारी सुपात तांदूळ निवडता निवडता आई हळूच म्हणाली, "बाई पडल्या हुत्या. मोरीत. कुणाला बोलू नको."

"लागलं का?"

"लागायचं काय न्हाय. पण उठता येईना. दूधवाला येईस्तोवर तशाच खाली. त्यानं हात दिला तवा उठल्या." आईनं एक खडा काढून बाजूला टाकला. "एकट्या ऱ्हातात. मीच म्हणलो त्यास्नी, आमची मंजू शिकवती, या की. म्हणाल्या, दुसरं काय नको, जमिनीवर बसून कुणाचा हात न धरता उठता आलं म्हंजे बास."

आमच्याकडं बायकाही 'मी म्हणलो, मी येतो' असंच बोलतात. नवख्याला गंमत वाटते. माझी आई तशीच बोलायची आणि जे बोलायची ते विसरायची नाही. म्हणजे बाई कशासाठी आल्यात हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पुढं जे सांगणार आहे त्यात 'मला ठाऊक नव्हतं' अशी पळवाट मला नाही.

पहिल्याच दिवशी मी उठाबशा घेतल्या. शब्द ऐकताच हॉलभर खुसखुस सुरू झाली, कारण तिथल्या प्रत्येकीला बाईंनी कधी ना कधी त्या शिक्षा म्हणून काढायला लावल्या होत्या. बाईंनी मागं वळून सगळ्यांकडं पाहिलं. "हसताय काय? आज माझी पाळी." आणि त्या खाली बसू लागल्या. टाचा उचललेल्या, हनुवटी वर, श्वास कोंडून चेहरा लाल. दोन्ही गुडघे आत झुकून एकमेकांना भिडायला आलेले, उजवा जास्तच. वर येताना तो गुडघा असा थरथरत होता की पातळ कापडातून मला दिसत होता. त्यांच्या मागं ओळीच्या ओळी तशाच. तशाच टाचा, तशीच हनुवटी, तसाच कोंडलेला श्वास. हॉलमधे एकही बाई श्वास घेत नव्हती.

मला जे सांगायचं ते तोंडाशी आलं होतं. 'माने बाई, उजवा गुडघा बाहेर.' फक्त पाच शब्द. ते बाहेर येईनात. ज्या बाईंनी मला सावधान-विश्राम शिकवलं, ज्यांच्या समोरून सायकलवरून जाताना मी अजूनही खाली उतरायचे, त्यांना नाव घेऊन, पेठेतल्या सगळ्या बायकांसमोर, चुकताय म्हणायचं? मी म्हटलं, "सगळ्यांनी गुडघे जरा बाहेर ठेवा हं!" पुण्याच्या बाईंनी सांगितलं होतं तेच झालं. ज्यांचे बरोबर होते त्यांनी ते इतके फाकवले की शोभावहिनी बेडकीसारख्या दिसू लागल्या. आणि माने बाई? त्या खाली बसल्या बसल्याच मागं वळून गरजल्या, "ऐकू येत नाही का गं? गुडघे बाहेर म्हणते आहे ना ती!" त्यांचे स्वतःचे गुडघे एकमेकांना टेकलेले.

तेव्हा मला हसू आलं. पुढं आठवडे गेले तसं ते येईनासं झालं. रोज मी काहीतरी आडून सांगायचे. भिंतीवरच्या आरशासमोर त्यांना उभं केलं, तर आरशात त्या मागच्या ओळीवर लक्ष ठेवू लागल्या. शेजारच्या मुलीचा बरोबर असलेला गुडघा मी बाईंच्या देखत पुन्हा पुन्हा बरोबर केला. ती मुलगी घरी जाऊन रडली असं मागाहून कळलं. घरी मी स्वतःला सांगायचे की हा आदर आहे. आदर होताच. पण त्याच्या खाली दुसरंही होतं आणि तेच मोठं होतं. बाई दुखावल्या तर त्यांच्यामागं अख्खा वर्ग जाईल, 'कालची पोर बाईंना शिकवायला लागली' असं पेठेत होईल, ही भीती. मला सगळ्यांना आवडायचं होतं. ज्याला सगळ्यांना आवडायचं असतं त्यानं दुसऱ्याच्या शरीराची जबाबदारी घेऊ नये, हे मी आता नव्या शिकवणाऱ्या मुलींना सांगते. कुठून शिकले ते मात्र सांगत नाही.

एके दिवशी उठताना बाईंचा तोल गेला. शोभावहिनींच्या खांद्याला धरून त्या सावरल्या. "वजन पेलतंय ना तुला?" असं हसून म्हणाल्याही, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, बाई एक दिवस माझ्या वर्गात पडणार. आई म्हणाली, "मग सांग की त्यास्नी, कसं करायचं ते." आबांनी घास गिळला. टाचण्या नव्हत्या तोंडात, म्हणून असेल, ते बोलले. "सांगायचं कशापायी? सत्कार करून टाक. आमच्या टीममधी एखादा म्हातारा खेळाडू मैदान सोडंना झाला की काय करत्यात? शाल-नारळ द्यायचा नि सल्लागार करायचं. माणूस बी खूश, टीम बी मोकळी."

आई म्हणाली, "त्या खेळायला आल्यात व्हय?" पण तोवर माझं मन आबांच्या बाजूला गेलं होतं.

गुरुपौर्णिमेला मी वर्गात माने बाईंचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, गुलाबाचा गुच्छ, नवी चकाकती शिट्टी, आणि हत्तींच्या शेजारून पुसून आणलेली हाताची खुर्ची. मी भाषण केलं. आम्हा सगळ्यांची शरीरं बाईंनी घडवली, आता त्यांनी आमच्या मार्गदर्शक म्हणून इथं बसावं, आकडे मोजावेत, आमच्यावर नजर ठेवावी, त्यांना आम्ही आणखी कष्ट देणार नाही. टाळ्या झाल्या, दोघी-तिघी रडल्या. बाईंनी शालीवरून हात फिरवला, खुर्चीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि त्या बसल्या. दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुधारला. पहिल्या ओळीत बघायला कुणी उरलं नाही म्हणून बायका नाइलाजानं माझ्याकडं बघू लागल्या. बाई शिट्टी वाजवायच्या, आकडे मोजायच्या. शेवटी सगळ्या सतरंज्यांवर आडव्या व्हायच्या तेव्हा हॉलमधे बाई तेवढ्या उंच उरायच्या, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, नजर जमिनीवर. आपण किती छान तोडगा काढला, असं मला वाटत होतं.

ही गोष्ट मी आजवर कितीतरी वेळा सांगितली आहे. बेडकी झालेल्या शोभावहिनी, आबांचा सल्ला, शाल-श्रीफळ. लोक पोट धरून हसतात. दर वेळी मी एक तुकडा वगळत आले. तो असा. श्रावण लागला होता. वर्ग संपवून मी खाली उतरले, वाटेत आठवलं की टेपरेकॉर्डर वरच राहिला. परत जिना चढले. वरच्या पायऱ्यांवरून हॉल दिसतो. बाई एकट्याच होत्या. खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून त्या उठाबशा काढत होत्या. टाचा उचललेल्या, गुडघे आत, श्वास कोंडलेला. खाली जाऊन वर येताना उजवा गुडघा थरथरायचा आणि त्या ओठ आवळून थांबायच्या, मग पुन्हा. जिला मी बसवून ठेवलं होतं ती बाकीच्या गेल्यावर चोरून व्यायाम करत होती, आणि तोही चुकीचा, मी न सांगितलेला. मला फक्त उरलेल्या पायऱ्या चढायच्या होत्या. मी वळले आणि आवाज न करता खाली उतरले. टेपरेकॉर्डर दुसऱ्या दिवशी घेतला. तो जिना जुना, जरा भार पडला की करकरायचा. बाईंनी ऐकलं असेल का, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या यायच्या बंद झाल्या. मला आधी हायसं वाटलं, हेही लिहून टाकते. वर्गात कुणी विचारलं की मी म्हणायचे, पावसात जिना निसरडा होतो ना. आईनं मात्र एकदा भाकरी तव्यावर टाकता टाकता माझ्याकडं न बघता विचारलं, "बाईंचं काय झालं गं?"

"येत नाहीत."

"ते कळलं मला. का येत न्हाईत?"

भाकरी फुगली, आईनं ती उलटली. "पाठवलं मी हुतं त्यास्नी," ती म्हणाली. एवढंच.

मी बाईंच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, आरशासारखं स्वच्छ. दार उघडून त्या बाजूला झाल्या तेव्हा उजव्या पायात लंगडत होत्या, गुडघ्यावर पट्टी होती. "ये. खुर्चीवर बस," त्या म्हणाल्या. "तुझ्या इथं मला बसवलंस, माझ्या इथं तू बस." मी बसले. त्या चहा टाकायला गेल्या आणि मला घर दिसलं. त्या घरात जमिनीवर एकही वस्तू नव्हती. पाण्याचा हंडा स्टुलावर, पोळपाट ओट्यावर, देव टेबलावर, चपलासुद्धा कमरेच्या उंचीच्या फळीवर. झाडूला लांब काठी बांधलेली. खाली पडलेलं उचलावं लागू नये म्हणून अख्खं घर वर सरकलं होतं.

चहाचा कप हातात देऊन त्या समोर कॉटवर टेकल्या. मी विचारलं, "बाई, वर्गाला का येत नाही?"

"शिट्टी वाजवायला दूधवाल्यालाही बसवलंस तरी चालेल."

मी कप खाली ठेवायला गेले. खाली ठेवायला जागाच नव्हती, जमीन होती पण तिथं ठेवायचं धैर्य होईना. कप हातातच धरून मी म्हणाले, "बाई, तुमचं चुकत होतं. पहिल्या दिवसापासून."

"काय चुकत होतं?"

"गुडघा. उजवा आत पडतो. टाचा उचलता. आणि श्वास कोंडता."

बाई शाळेत आणि वर्गात नेहमी शुद्ध बोलायच्या. ते त्या क्षणी गळून पडलं. "मग सांगितलं का न्हाईस?"

"तुम्हाला कसं सांगणार?"

"तोंडानं."

मला रडू आलं. बाईंनी ते येऊ दिलं आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हणून शाल दिलीस. मला कळलं न्हाय असं वाटलं तुला? एवढी वर्षं शाळेत काढलो मी. सत्कार कशासाठी करत्यात ते मला ठाऊक न्हाय व्हय? माझ्या आधीच्या कवायतीच्या बाई जागा सोडंनात, तवा त्यास्नी असंच बसवलं हुतं आम्ही. भाषण मीच केलतं." त्यांनी गुडघ्यावरची पट्टी नीट केली. "तुझ्यापेक्षा बरं झालतं."

रडता रडता मला हसू फुटलं आणि ते बघून त्याही हसल्या. मग त्यांनी कॉटच्या कडेला सरकून दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. "आता दाखव. काय करायचं?"

"हात लावू?"

"लाव. चावत न्हाय."

मी त्यांच्या पायांशी जमिनीवर बसले आणि पट्टीवरून गुडघ्याला हात लावला. आतलं हाड गरम होतं. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आणला, टाच दाबून धरली, आणि म्हटलं, आता पुढं झुकून उठा, घाई नको. उठताना श्वास सोडा. "सोडायचा?" त्यांनी विचारलं. सोडायचा, मी म्हटलं. त्या उठल्या. कॉटवरूनच, पण हातांशिवाय. मग परत बसल्या आणि दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले. मला वाटलं दुखलं. त्या म्हणाल्या, "पोरींना जन्मभर 'रोखा' म्हणून सांगितलं की गं मी."

यावरचं उत्तर त्यांनीच काढलं. "पाय जरा बरा झाला की येतो. मागं न्हाय उभारणार, पुढंच उभारणार. आणि तू माझं नाव घेऊन सांगायचं, सगळ्यांसमोर. त्यांच्या अंगात हे मी घातलंय. माझ्यातनं निघालं तर त्यांच्यातनं निघंल." निघताना मला जिन्याचं सांगायचं होतं. दारात घुटमळलेही. त्या "जा आता, अंधार पडंल" म्हणाल्या आणि मी गेले. बाई आता नाहीत. ते सांगायचं राहिलं ते राहिलंच, आणि आज इथं लिहिलं तरी ते त्यांना सांगितल्यासारखं होत नाही, हेही मला समजतं.

पण त्या आल्या. पहिल्या ओळीत, मध्यभागी, ओढणी कमरेला आवळून. खुर्ची त्यांनी स्वतःच भिंतीकडं सरकवली. उठाबशा सुरू झाल्या, गुडघा आत गेला, आणि मी तोंड उघडलं. एवढे दिवस कोंडलेलं असल्यामुळं असेल, आवाज भलताच मोठा निघाला. "माने बाई! उजवा गुडघा बाहेर!"

टेपरेकॉर्डर चालूच राहिला, उठाबशा थांबल्या. शोभावहिनींचा हात तोंडावर गेला. कुणीतरी पुटपुटलं, "आता मेली ही." बाई अर्ध्या बसलेल्या अवस्थेत थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा शाळेतल्या आवाजात त्यांनी विचारलं, "किती बाहेर?"

"दुसऱ्या बोटाच्या रेषेत."

त्यांनी खाली बघून गुडघा आणला. "आता?"

"आता श्वास सोडत वर या."

बाई वर आल्या आणि त्यांनी श्वास सोडला, कुकरची शिट्टी झाल्यासारखा. क्षणभर काही झालं नाही. मग मागच्या ओळीत कुणाचा तरी श्वास सुटला, मग शेजारणीचा, आणि माझा वर्ग पहिल्यांदा श्वास घेऊ लागला. शोभावहिनी ओरडल्या, "मंजू, माझा गुडघा बघ की! मीच काय सवतीची व्हय?" त्या दिवसापासून 'मंजू माझं नाव घेत नाही, मला सांगत नाही' म्हणून बायका रुसायला लागल्या.

गणपती आले, थर्माकोलचे हत्ती खाली गेले, हॉल मोकळा झाला. बाई आता कॉटऐवजी पाटावरून उठू लागल्या, आधी एकावर एक ठेवलेल्या दोन पाटांवरून, मग एकावरून. मी रोज काहीतरी सांगायचे. टाच. हनुवटी. घाई. त्या रोज वैतागायच्या. "तुझं काय संपतं का न्हाय गं?" असं म्हणायच्या आणि पुन्हा करायच्या. काही दिवस गुडघा सुजायचा, त्या दिवशी आम्ही थांबायचो.

दिवाळीच्या थोडं आधी, वर्गाच्या शेवटी सगळ्या सतरंज्यांवर आडव्या झाल्या तेव्हा बाईही झाल्या. उठायची वेळ आली. बाकीच्या पटापट उठून बसल्या आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. बाई कुशीवर वळल्या, "टाळ्या वाजवल्या तर याद राखा," असं कुणाकडंही न बघता म्हणाल्या, तळवा जमिनीवर टेकला, एक गुडघा टेकला, दुसरा पाय पुढं घेतला. तिथं त्या बराच वेळ थांबल्या. शोभावहिनींचा हात आपोआप पुढं गेला, मी मान हलवली, तो मागं आला. मग लांब श्वास सोडत बाई उभ्या राहिल्या. कुणाला न धरता. घामानं चिंब, अंबाडा सुटलेला. टाळी कुणी वाजवली नाही. मी तोंडावर पदर धरलेल्या आईकडं पाहिलं. ती त्या दिवशी मुद्दाम बघायला आली होती.

बाईंनी ओढणी नीट केली आणि माझ्याकडं वळल्या. "काय चुकलं?"

काही नाही, फार छान झालं, असं म्हणायला तो क्षण केवढा सोपा होता. सगळा हॉल तेच म्हणायची वाट बघत होता.

"डावी टाच उचलली शेवटी," मी म्हटलं.

"व्हय?" बाई म्हणाल्या. "मग परत." आणि त्या सतरंजीवर आडव्या झाल्या.